तिची क्रश ‘ती’ असेल तर?

‘शाळा’तला जोशी आठवतोय ना? शिरोडकर समोरून आली की त्याची जी गाळण उडायची, ती बघताना आपल्यालाही आपली नववी-दहावी आठवायची. ‘फँड्री’तला जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो, कारण तिची राख टाकली की शालू आपली होईल, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि ‘टाइमपास’मधल्या दगडू-प्राजक्ताचे डायलॉग तर अजूनही कट्ट्यावर फेकले जातात. पहिलं प्रेम म्हटलं की मराठी सिनेमा एकदम फॉर्मात येतो. आपणही येतो.

आता जरा एक करा. या सिनेमांत कोण बघतंय आणि कुणाकडे बघतंय, तेवढंच आठवा. बघतो तो मुलगा. मुलगी असते ती बघण्यासाठी. शालूच्या मनात नेमकं काय चाललंय, हे ‘फँड्री’ संपला तरी आपल्याला कळत नाही. मग २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि आर्चीने परश्याकडे असं रोखून बघितलं, की थेटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. का पडला? कारण मुलगी बघते, मुलीला कुणीतरी हवंसं वाटतं, ही साधी गोष्ट आपल्याला पडद्यावर फारशी दिसलेलीच नव्हती.

बरं, मुलगी बघते हे आपण आता कसंबसं पचवलंय. पण ती ज्याच्याकडे बघते तो परश्या नसेल तर? ती शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे बघत असेल तर?

अशी मुलगी तुमच्या वर्गात नाही, असं म्हणू नका. ती असते. होस्टेलच्या रूममध्ये असते, एनसीसीच्या कॅम्पमध्ये असते, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला असते. फक्त तिची गोष्ट आपण कधी ऐकलेली नसते. म्हणून आज एका सिनेमाबद्दल बोलू या, ज्याने ती गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वी अगदी सरळ सांगून टाकली.

एका कंटाळवाण्या गावातली गोष्ट

‘शो मी लव्ह’ हा स्वीडिश सिनेमा १९९८ चा. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचा. लुकास मूडीसन या दिग्दर्शकाचा पहिलाच मोठा चित्रपट. त्याचं मूळ स्वीडिश नाव पेपरात छापता येणार नाही, कारण त्यात ओमोल नावाच्या खऱ्याखुऱ्या गावाला सणसणीत शिवी हासडलेली आहे. ही शिवी एलिनच्या तोंडची. एलिन शाळेतली सगळ्यात देखणी, सगळ्यात बिनधास्त मुलगी. मुलं तिच्या मागे, गावभर तिच्याबद्दल अफवा आणि ती स्वतः प्रचंड बोअर झालेली. रेव्ह पार्ट्यांची फॅशन आता गेली, असं ती एका मासिकात वाचते आणि भडकते. आमच्याकडे अजून आलीसुद्धा नाही आणि गेली पण! तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईला शिकायला आलेल्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी ॲग्नेस. या गावात राहायला येऊन बराच काळ झाला, पण धड एक मैत्रीण नाही. शांत, हुशार, आपल्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर लिहिणारी. सिनेमा सुरू होतो तोच तिच्या गुपित इच्छांच्या यादीपासून. वाढदिवसाची पार्टी नको, ही पहिली इच्छा. बाकीच्या सगळ्या एलिनच्या. एलिनने माझ्याकडे बघावं. एलिन माझ्या प्रेमात पडावी.

आई-बाबांच्या हौसेपोटी सोळाव्या वाढदिवसाची पार्टी होतेच. टेबल भरून खाणं मांडलेलं आणि येतं कोण? एकच मुलगी. व्हीलचेअरवरची व्हिक्टोरिया. ॲग्नेसचा सगळा राग, सगळी लाज त्या बिचारीवर निघते. ती तिच्या गिफ्टचा, तिच्या व्हीलचेअरचा असा अपमान करते, की बघताना आपल्यालाच मान खाली घालावीशी वाटते. हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. दिग्दर्शकाने ॲग्नेसला ‘बिच्चारी’ करून ठेवलेलं नाही. जिला सगळे छळतात तीसुद्धा आपल्यापेक्षा दुबळं कुणी सापडलं की तेच करते.

त्याच रात्री एलिन आणि तिची बहीण जेसिका टाइमपास म्हणून ॲग्नेसच्या घरी टपकतात. ही मुलगी ‘तसली’ आहे, ही कुजबुज दोघींनी ऐकलेली. मग पैज लागते. वीस क्रोनरची. तिला किस करून दाखव! एलिन करते आणि दोघी खिदळत पळून जातात.

वीस क्रोनर. एका मुलीने कितीतरी दिवस मनात जपलेल्या गोष्टीची किंमत तेवढीच झाली. आपल्याकडे पैज लावायला पैसेही लागत नाहीत. ‘डेअर’ म्हणायचं, व्हिडिओ काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा.

पण एलिनला त्या रात्री स्वस्थ बसवत नाही. ती परत येते. माफी मागते. दोघी रात्री रस्त्यावर भटकतात, बोलत बसतात आणि अचानक ठरवतात, चला, लिफ्ट घेऊन स्टॉकहोमला जाऊ. एक गाडी थांबते. मागच्या सीटवर बसल्यावर यावेळी जे होतं, त्यात पैज नसते. ड्रायव्हर दोघींना गाडीतून उतरवतो. दोघी पोट धरधरून हसतात.

आणि मग? मग एलिन ॲग्नेसला ओळखच दाखवेनाशी होते. फोन घेत नाही, शाळेत नजर चुकवते आणि युहान नावाच्या एका मुलाबरोबर फिरायला लागते. तो तिला फार आवडतो म्हणून नाही. त्याच्याबरोबर फिरलं की कुणी काही विचारत नाही म्हणून.

गोंधळ नेमका कुणाचा?

अशा सिनेमांबद्दल नेहमी एक वाक्य ऐकू येतं. ‘या वयात मुलं कन्फ्यूज्ड असतात.’ असतात ना. पण हा सिनेमा बघताना नीट लक्ष द्या, की कन्फ्यूजन कशाबद्दलचं आहे. आपल्याला कोण आवडतं, याबद्दल ॲग्नेसच्या मनात पहिल्या मिनिटापासून तिळमात्र शंका नाही. आणि एलिनलाही त्या गाडीत कळलेलं असतं. तिला ॲग्नेसची भीती वाटत नाही. तिला भीती वाटते शाळेच्या कॉरिडॉरची. सोमवारी सकाळी आपण चालत जाऊ तेव्हा कोण कुणाच्या कानात काय बोलेल, याची.

हे आपल्यालाही लागू आहे. एखादी मुलगी दोन महिने गप्प गप्प असते, लेक्चर बंक करते, चिडचिड करते. आपण म्हणतो, तिचं काहीतरी बिनसलंय. तिचं काही बिनसलेलं नसतंही. तिला काय वाटतं ते तिला पक्कं ठाऊक असतं. ते आपल्याला कळलं तर आपण काय करू, हे तिला ठाऊक नसतं. गोंधळ आपण तयार केलेला असतो आणि नाव तिच्या वयाचं घेतो.

दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, ‘फेज आहे, जाईल.’

असेलही फेज. पहिली प्रेमं बहुतेकांची जातातच. जोशीची शिरोडकरही शेवटी गाव सोडून गेलीच. पण जोशीला कुणी म्हटलं का, की तुला मुली आवडतात ही फेज आहे, थांब जरा, जाईल? पावसाळाही चार महिन्यांत जातो. म्हणून पाऊस खोटा होता असं कुणी म्हणत नाही. पुढे जाऊन त्या मुलीला आणखी कुणी मुलगी आवडेल, कुणी मुलगा आवडेल किंवा कुणीच आवडणार नाही. ते तिचं ती बघेल. आज जे आहे ते आज खरं आहे, एवढं मानायला आपल्याला काय हरकत असते?

सिनेमात ॲग्नेसचे बाबा फार प्रेमळ आहेत. लेकीचं दुःख बघून ते तिला धीर देतात. मीही तुझ्यासारखाच होतो, कुणी विचारायचं नाही, पण पंचवीस वर्षांनी सगळे वर्गमित्र भेटले तेव्हा चित्र पालटलं होतं, वगैरे. ॲग्नेस हबकतेच. पंचवीस वर्षं? तिला आत्ता आनंदात राहायचंय! आपल्या घरातली, कॉलेजातली समजूतदार माणसंही असंच वागतात. ‘आत्ता अभ्यासाकडे लक्ष दे, मग बघू.’ हे ‘मग’ कधी येतं, हे ज्यांची लग्नं ठरवली जातात त्या मुलींना विचारा.

‘मुलीच तर आहेत’

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे आणि तो स्वीडनपेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे मुलींनी एकमेकींचा हात धरून चालणं, एका ताटात जेवणं, एका पांघरुणात रात्रभर गप्पा मारणं यात कुणालाच काही वाटत नाही. वाटूही नये. ते छानच आहे. मुलाचा फोन आला तर घरात चौकशी समिती बसते. मैत्रिणीचा फोन आला तर आई म्हणते, तिला जेवायलाच बोलव.

वरवर बघितलं तर सोय झाली म्हणायची. पण याच सोयीची दुसरी बाजू बघा. ‘मुलीच तर आहेत’ म्हणणाऱ्या घराला त्या दोघींमध्ये प्रेम असू शकतं, हे सुचतच नाही. आणि मग एक दिवस ते तुटतं. ती रडरड रडते. जेवत नाही. आई पाठीवरून हात फिरवत म्हणते, ‘मैत्रिणीशी भांडण झालं का? होईल गं नीट.’ मुलाशी ब्रेकअप झालं असतं तर निदान रूममेटने आइस्क्रीम आणलं असतं, ग्रुपने त्या मुलाला दोन शिव्या घातल्या असत्या, कुणीतरी विरहगीतांची प्लेलिस्ट पाठवली असती. इथे काहीच नाही. ज्याला नाव नाही त्याचं दुःख कुणाला सांगणार?

मला वाटतं, सिनेमे इथे उपयोगी पडतात. ते कुणाला शिकवत नाहीत, बिघडवतही नाहीत. सिनेमा बघून कुणाला कोण आवडायचं हे ठरत असतं, तर इतकी वर्षं फक्त हिरो-हिरॉइनचे सिनेमे बघून सगळे सारखेच झाले असते. सिनेमा एवढंच करतो, की जे आधीपासून मनात आहे त्याला चेहरा देतो. असं मला एकटीलाच होत नाही, हे कळणं ही सोळाव्या वर्षी फार मोठी गोष्ट असते.

आपल्याकडची मित्रा

‘हे सगळं तिकडचं. आपल्यात असलं नसतं.’ हे वाक्य आल्याशिवाय ही चर्चा पुढे सरकत नाही, म्हणून त्याचंही बघू.

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. नाटक घडतं स्वातंत्र्याआधीच्या काळातल्या एका कॉलेजात. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नाटकातली नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. इंटरनेट नाही, ओटीटी नाही, ‘तिकडचं’ काही बघायची सोय नाही. तरी मित्रा आहे. मराठीत आहे आणि मराठी माणसाने लिहिलेली आहे.

पण या गोष्टीत मित्रा शेवटी जीव देते. आणि तिची गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. ती स्वतः सांगायला उरत नाही.

हाच शेवट पुढे पुन्हा दिसतो. १९८६ मध्ये पद्मराजन यांचा ‘देशाटनक्किळी करयारिल्ला’ हा मल्याळम सिनेमा आला. शाळेच्या ट्रिपमधून पळून जाणाऱ्या दोन मुली, निम्मी आणि सॅली. त्यांच्यातल्या नात्याला सिनेमा नाव देत नाही आणि शेवटी दोघी मरतात. त्यानंतर २००४ मध्ये लिजी पुल्लापल्ली यांनी मल्याळममध्येच ‘संचारम’ केला. किरण आणि डिलायला या लहानपणापासूनच्या मैत्रिणींची ही गोष्ट. डिलायलाचं लग्न ठरतं. किरण कड्याच्या टोकापर्यंत जाते. आपण श्वास रोखून बसतो, कारण हा शेवट आपल्याला पाठ झालेला असतो. पण किरण उडी मारत नाही. ती मागे फिरते आणि चालायला लागते. तिला प्रेम मिळत नाही, पण तिची गोष्ट पुढे चालू राहते.

सारखी सारखी एकच गोष्ट ऐकली की तीच खरी वाटायला लागते. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीसाठी आपण दोनच शेवट ठेवले होते, मरण किंवा मुकाट्याने लग्न. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला आपल्यासाठी तिसरा शेवट असू शकतो हे कुठेच दिसलं नाही, तर ती काय करेल?

‘शो मी लव्ह’ १९९८ च्या शरद ऋतूत स्वीडनमध्ये लागला. त्याच सुमाराला, नोव्हेंबरमध्ये, दीपा मेहतांचा ‘फायर’ भारतात लागला. त्यातल्या दोघी मोठ्या, लग्न झालेल्या जावा. सेन्सॉर बोर्डाने पास केलेला सिनेमा. तरी डिसेंबरच्या सुरुवातीला शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या थिएटरमध्ये तोडफोड केली. तिकडे ‘शो मी लव्ह’ला पुढच्या वर्षी स्वीडनचा सर्वोच्च गुल्डबागे पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथेसाठी मिळाला. अभिनयाचा पुरस्कार ॲलेक्झांड्रा डालस्ट्रॉम आणि रेबेका लिल्येबेरी या दोघी नायिकांना मिळून दिला गेला. एका देशात दोघी स्टेजवर, दुसऱ्या देशात काचा फुटलेल्या.

पाण्यावर हसू, पाण्याखाली धडपड

इथे एक प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. मुलींच्या प्रेमाचे सिनेमे कुणासाठी काढले जातात? नेटवर हा विषय शोधला की काय काय समोर येतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यात त्या मुली कुठेच नसतात, त्यांच्याकडे बघून मजा घेणारे असतात. कानमध्ये २०१३ साली सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’वरही हाच आक्षेप आला होता. आणि ज्या कॉमिकवरून तो बेतला होता, त्याच्या निर्मात्या जुली मारो यांनीच तो घेतला होता.

याउलट सेलीन सियामा या फ्रेंच दिग्दर्शिकेचा २००७ चा पहिला सिनेमा ‘वॉटर लिलीज’ बघा. पॅरिसजवळच्या सेर्जी या उपनगरात तो घडतो. सियामा स्वतः तिथेच वाढली. सिंक्रोनाइज्ड स्विमिंग करणाऱ्या मुलींची टीम आहे. मारी त्या टीमच्या कॅप्टनकडे, फ्लोरियानकडे, बघता बघता हरवून जाते. मोठी माणसं सिनेमात जवळजवळ दिसतच नाहीत. एका प्रसंगात मारी पाण्याखाली डोकं घालते. वर सगळ्या मुली झकास हसतायत, मेकअप जागच्या जागी, माना डौलदार. खाली त्याच मुलींचे पाय जिवाच्या आकांताने पाणी मारतायत.

मुलगी असणं म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. वरचं हसू सगळ्यांसाठी. खालची धडपड एकटीची. आणि ती धडपड बघायची तर आधी स्वतः पाण्यात उतरावं लागतं. काठावर बसून फक्त हसू दिसतं.

कायदा कॉरिडॉरपर्यंत पोहोचतो का?

आता एक गंमत बघा. गंमत कसली, विचार करायला लावणारी गोष्ट आहे. स्वीडनमध्ये समलिंगी संबंध १९४४ पासून गुन्हा नाहीत. १९७९ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. १९९५ पासून अशा जोडप्यांना नातं रजिस्टर करता येऊ लागलं. म्हणजे ॲग्नेस सोळा वर्षांची होते तेव्हा कायदा तिच्या बाजूने केव्हाचा उभा होता. तरी तिच्या वाढदिवसाला कुणी आलं नाही. तरी वीस क्रोनरची पैज लागली.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा तो जाचक भाग रद्द केला. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र लग्नाचा हक्क मिळाला नाही. कॉलेजपुरतं बोलायचं तर यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये एक सुधारणा झाली. कुणाला कोण आवडतं, यावरून एखाद्याला त्रास देणं किंवा वाळीत टाकणं हेसुद्धा तेव्हापासून रॅगिंग ठरतं. कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसत नाही, हे ‘मस्ती’त मोडत नाही. आणि ‘डॉक्टरकडे नेऊन बरी करू’ म्हणणाऱ्या घरांसाठीही एक माहिती. असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

हे सगळं माहीत हवंच. पण कायदा कॉलेजच्या गेटपर्यंत येतो. आत कॉरिडॉरमध्ये आपण असतो.

‘शो मी लव्ह’चा शेवटाकडचा प्रसंग तिथेच घडतो. एलिन ॲग्नेसला शाळेच्या टॉयलेटमध्ये ओढून नेते आणि आतून कडी लावते. तिला बोलायचं असतं. सॉरी म्हणायचं असतं. इतक्यात बाहेर कुणाच्या तरी लक्षात येतं, एलिन आत आहे, कुणासोबत तरी आहे! झालं. गर्दी जमते. कोण मुलगा आहे आत? दार ठोकणं, ओरडणं, हसणं. बघता बघता सगळी शाळा दारापाशी.

आत दोन मुली एकमेकींना सांगतायत, की तू मला आवडतेस. बाहेर जमलेल्यांना तमाशा हवाय.

मला वाटतं, हा सिनेमा आपल्याला ॲग्नेस किंवा एलिन म्हणून प्रश्न विचारत नाही. तो या गर्दीला विचारतो. कारण आपल्यातल्या बहुतेकांची भूमिका तीच असते. दाराबाहेर उभं राहणाऱ्याची.

गर्दीतलं एक माणूस काय करू शकतं? फार काही नाही आणि खूप काही. उद्या एखादी मैत्रीण तुम्हाला काही सांगेल. सांगताना दहा वेळा अडखळेल. तेव्हा ‘मला आधीच डाऊट होता’ असं म्हणू नका. ‘तुला नक्की खात्री आहे का?’ हेही नको. जोशीला विचारलं होतं का? ऐका. तिने सांगितलं म्हणजे तुम्हाला सांगितलं. तुमच्या बेस्टीला नाही, तुमच्या बॉयफ्रेंडला नाही आणि तिच्या आईला तर मुळीच नाही. तिची गोष्ट कधी, कुठे, कुणाला सांगायची हे तिने ठरवायचं. कित्येक घरांत ती गोष्ट कळली की शिक्षण थांबतं, मोबाइल जातो, स्थळं बघायला सुरुवात होते. तुमचा एक स्क्रीनशॉट तिची डिग्री बुडवू शकतो.

आणि समजा, तिला आवडलेली मुलगी तुम्हीच असाल? आणि तुम्हाला तसं वाटत नसेल? तर नाही म्हणा. सरळ, गोड, नीट. आवडत्या माणसाने नाही म्हटलेलं सगळ्यांनाच सोसावं लागतं, तिलाही लागेल. पण नकार वेगळा आणि चारचौघांत हसं करणं वेगळं. पहिल्याने दुखतं. दुसऱ्याने माणूस मोडतं. ‘ॲग्नेस’नेही एक लक्षात ठेवावं. आपल्याला छळ सोसावा लागला म्हणून आपल्या व्हिक्टोरियाला छळायचा परवाना मिळत नाही.

ही वाचणारी तूच असशील, आणि सध्या सगळं नको नको झालं असेल, तर एकटीने कड्यापर्यंत जाऊ नकोस. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. किरण मागे फिरली, तशी तूही फिर.

चॉकलेट मिल्क

तर मग त्या दाराचं काय होतं? दोघी कडी काढतात. एलिन गर्दीसमोर उभी राहते आणि बिनधास्त सांगून टाकते, की ही माझी नवी गर्लफ्रेंड. सरका आता, जाऊ द्या! आणि गर्दी सरकते. करणार काय? सांगून टाकल्यावर कुजबुजायला उरतंच काय?

पण सिनेमा तिथे संपत नाही. शेवटच्या प्रसंगात दोघी एलिनच्या खोलीत बसून चॉकलेट मिल्क पितायत. एलिन बडबड करतेय. तिचं चॉकलेट नेहमी जास्त पडतं, मग दूध घालावं लागतं, मग पुन्हा चॉकलेट, असं करता करता ग्लास काठोकाठ भरतो. पण काही हरकत नाही म्हणे! ॲग्नेस ऐकतेय. आपल्या आवडत्या माणसाची फालतू बडबड ऐकताना चेहऱ्यावर जे येतं, ते तिच्या चेहऱ्यावर आहे. बस. एवढंच.

कुणी मेलं नाही, कुणी शहीद झालं नाही, कुणी भाषण दिलं नाही. पहिल्या प्रेमात जोशी, जब्या, दगडू सगळ्यांना जो वेडेपणा करायची मुभा मिळाली, तीच या दोघींना मिळाली. धडपडायची, चुकायची, माफी मागायची आणि चॉकलेट सांडायची.

तुमच्या वर्गातली ती मुलगी काही फार मागत नाहीये. तिला मोर्चा नकोय, स्टेटसवर इंद्रधनुष्यही नकोय. तिला तिचा ग्लास हवाय. आपण फक्त दारासमोरून बाजूला व्हायचंय.